पुढचे चाक आणि मागचे चाक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची समजूत अशी असावी की आम्ही मजुरी, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांपैकीच काही तरी घेऊन येऊ. कामगारांच्या चळवळीत तीस वर्षे घातलेल्या माणसाकडून लोक दुसरे काय मागणार? परंतु आम्ही कळविले की यंदा आम्हांला मोटारसायकलच्या टायरवर बोलावयाचे आहे, आणि तेही एका नेमक्या प्रश्नावर. पुढच्या चाकाला एका कंपनीचा टायर आणि मागच्या चाकाला दुसऱ्या कंपनीचा, हे चालते की नाही? चालकांपैकी एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "भाऊ, हा विषय तर पंक्चरच्या दुकानातला." आम्ही म्हटले, "होय, आणि आम्ही तो शिकलो तोही तेथेच. कॉलेजात आम्ही कधी गेलोच नाही."

आत्ता मंडपात येण्यापूर्वी बाहेर लावलेल्या गाड्यांमधून आम्ही एक फेरी मारली. बऱ्याच गाड्यांच्या दोन चाकांवर दोन निरनिराळी नावे आहेत. त्या गाड्यांचे मालक येथे समोर बसले आहेत. त्यांनी लगेच घाबरून उठू नये. आमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे.

ही गोष्ट २०२४ च्या मृगातली. आपल्या या आंजीच्या बाजूचाच एक तरुण. नाव सांगत नाही; तो आणि त्याच्या घरचे कदाचित येथेच बसले असतील. एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होता. रोज मोटारसायकलने वर्धेच्या दिशेने जाणे आणि रात्री परत येणे. त्या दिवशी पहिला चांगला पाऊस पडून गेला होता. आर्वी रस्त्यावर शेतातून ट्रॅक्टर चढतात, आणि त्यांच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते. ती सुकलेली असली तर धूळ आणि भिजली तर लोणी! एका वळणावर गोऱ्हा आडवा आला. याने ब्रेक दाबले. गाडी सरळ थांबण्याऐवजी पुढचे चाक बाजूला गेले, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच माणूस खाली आणि गाडी त्याच्या पायावर. नडगीचे हाड मोडले. सेवाग्रामच्या दवाखान्यात पाय वाचला, पण आजही तो चालताना पाय ओढतो.

आता यानंतर जे झाले ते आमच्या आजच्या विषयाचे मूळ आहे. अपघाताच्या आठवडाभर आधी या तरुणाने मागचा टायर बदलला होता. पुढचा टायर गाडीबरोबर आलेला, एका कंपनीचा. मागचा नवा, दुसऱ्या कंपनीचा. चहाच्या टपरीवर निकाल लागला : "दोन कंपन्यांचे टायर टाकले, म्हणून गाडी घसरली." निकाल लागला की गुन्हेगार शोधावा लागतो. तो होता पंक्चरवाला, ज्याने तो टायर बसवला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, रस्त्याच्या कडेला एक कॉम्प्रेसर आणि चार हत्यारे एवढाच त्याचा संसार. जखमी मुलाचे नातेवाईक दुकानावर गेले. दवाखान्याचा खर्च भरून दे म्हणाले. हाणामारीपर्यंत वेळ आली, तेव्हा दोन्हीकडच्यांनी आम्हांला बोलावले. कारण काय, तर भांडण मिटवणे हा आमचा धंदा.

आम्ही जाऊन त्या दुकानाच्या बाकावर बसलो. आमची अडचण अशी की टायरबद्दल आम्हांला तेव्हा ओ का ठो कळत नव्हते. आणि यातली लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या तरुणाच्या गाडीवर मागे बसून आम्ही स्वतः किती तरी वेळा सभेला गेलो होतो. कारखान्याच्या यंत्राला जाळी बसवली नाही म्हणून मालकाशी भांडणारे आम्ही. पण ज्या दोन चाकांवर बसून आम्ही त्या भांडणाला जात होतो ती चाके आम्ही कधी वाकून पाहिली नव्हती.

पंक्चरवाला मुलगा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "भाऊ, मले शिव्या द्या, पण पहिले टायर तर पाहा जी." आम्ही म्हटले, ठीक आहे, दाखव. गाडी तेथेच आणून ठेवलेली होती. त्याने एक फडके ओले करून दोन्ही टायरांच्या बाजू पुसल्या आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बंधूंनो, टायरच्या बाजूवर एवढे लिहिलेले असते हे आम्हांला त्या दिवशी कळले. सातबाऱ्यावर नसेल एवढा मजकूर तेथे असतो. फक्त आपण तो वाचत नाही.

त्याने पहिले वाचले ते माप. दोन्ही टायरांवर ८०/१००-१८ असे होते. पहिला आकडा टायरची रुंदी, ८० मिलिमीटर. दुसरा आकडा म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा किती. येथे शंभर, म्हणजे रुंदी तेवढीच उंची. शेवटचा आकडा रिमचा व्यास, १८ इंच. माप कंपनीच्या मर्जीचे नसते. ज्या गाडीला जे ठरले तेच टाकावे लागते. नाव कोणाचेही असो, ८०/१००-१८ म्हणजे ८०/१००-१८. येथपर्यंत मुलगा निर्दोष.

दुसरे त्याने दाखवले ते आमच्या डोक्यात पक्के बसले. मापाच्या पुढे पुढच्या टायरवर '४७ पी' होते आणि मागच्यावर '५४ पी'. माप एकच, पण हा आकडा वेगळा. हा आकडा भाराचा असतो. ४७ म्हणजे त्या टायरने जास्तीत जास्त १७५ किलो वजन पेलावे. ५४ म्हणजे २१२ किलो. 'पी' हे अक्षर वेगाचे, ताशी १५० किलोमीटरपर्यंत. आपल्या गाड्या तेवढ्या पळतच नाहीत, तेव्हा अक्षराची चिंता कमी. पण भाराची चिंता खरी. मागच्या चाकावर चालवणारा असतो, त्याच्या मागे बायको, मध्ये पोर, आणि कडेला खताची पिशवी. म्हणून मागचा टायर त्याच मापात अधिक दणकट बनवलेला असतो. मुलगा म्हणाला, "यानंच मले म्हटलं होतं, पुढचा टायर मागं बसव, थोडा स्वस्त पडते. माप तर एकच हाय. म्या नाही बसवला." जखमी तरुणाच्या भावाने मान खाली घातली. म्हणजे जी चूक होऊ शकली असती ती या मुलाने होऊ दिली नव्हती, आणि आम्ही त्यालाच धरून बसलो होतो.

तिसरी गोष्ट, बाण. टायरच्या बाजूवर बाण असतो. चाक फिरण्याची दिशा त्याने दाखवलेली असते. काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक बाण आणि मागच्यासाठी उलटा बाण, असे दोन्ही छापलेले असतात. मागच्या टायरचा बाण बरोबर होता. चौथी गोष्ट, आयएसआयचे चिन्ह. केंद्र सरकारने २००९ साली काढलेल्या आदेशाने पुढे हे चिन्ह टायरवर सक्तीचे झाले. दुचाकी-तिचाकीच्या टायरांसाठी भारतीय मानक १५६२७ आहे. तेही दोन्हीवर होते.

मग त्याने पुढच्या टायरच्या एका कोपऱ्यात लंबगोल चौकटीतले चार आकडे दाखवले : १८१५. आम्ही विचारले, ही काय भानगड? तो म्हणाला, "ही त्याची जन्मतारीख." पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २०१५ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला टायर. मागच्यावर होते ०८२४, म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. मागचा टायर काही महिन्यांचा, आणि पुढचा नऊ वर्षांचा!

आम्ही पुढच्या टायरवर अंगठ्याचे नख रोवून पाहिले. रोवले जाईना. वाळलेल्या चिंचेच्या लाकडासारखा टणक. खाचांच्या तळाशी बारीक भेगा. पण वरून पाहिले तर? वरून पाहिले तर खाचा बऱ्यापैकी दिसत होत्या! कोणीही म्हणाला असता, अजून एक वर्ष सहज निघेल.

येथे थोडे थांबून, असे का होते ते समजून घेऊ.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी लाकडी चाकाची बैलगाडी पाहिली आहे. आरे, तुंबा, आणि वरून लोखंडाची धाव. लोहार धाव तापवून चढवायचा आणि पाणी ओतून आवळायचा. त्या गाडीची दोन चाके डाव्या-उजव्या बाजूची. दोघांचे काम अगदी सारखे, झीजही सारखी. पुढे रबरी चाकांची गाडी आली, तिला आपण अजून 'डनलप'च म्हणतो. ते नाव बेलफास्टच्या एका गुरांच्या डॉक्टरचे आहे. जॉन बॉइड डनलॉप. त्यांनी १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला टायर केला. त्यांच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. पण ते जगाच्या ध्यानात राहिले नाही. आणि या सर्वांच्या आधी १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकाबरोबर तापवले, तेव्हा कुठे ते उन्हात न वितळणारे आणि थंडीत न तडकणारे झाले. गुरांचा डॉक्टर आणि हा धडपड्या माणूस, यांच्या डोक्यातून आपले चाक निघाले आहे. पुस्तकी माणसांचीच ही कामे असतात असे समजू नये.

तर बैलगाडीची दोन चाके सारखी, पण मोटारसायकलची दोन चाके सारखी नसतात. मागचे चाक ओढण्याचे काम करते. इंजिनाचा सगळा जोर साखळीने त्याच्याकडे जातो, आणि वजनही त्याच्यावर जास्त. म्हणून मागचा टायर लवकर झिजतो. पुढचे चाक दिशा देते, आणि ब्रेक दाबला की सर्व वजन पुढे झुकते. बसमध्ये ड्रायव्हरने अचानक ब्रेक दाबला की आपण पुढे जातो, तसेच. त्या क्षणी गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा टायर करतो, आणि तेही केवढ्या जागेवर? तळहाताएवढी रबराची जागा रस्त्याला टेकलेली असते, तेवढीच. मागचे चाक घसरले तर गाडीची शेपटी डोलते. हुशार माणूस ब्रेक सोडून सावरतो. पुढचे चाक घसरले तर सावरण्यास वेळ मिळत नाही.

म्हणजे हिशेब असा होतो : मागचा टायर झिजून मरतो आणि पुढचा म्हातारा होऊन मरतो. झीज डोळ्यांना दिसते. म्हातारपण दिसत नाही. मागचा टायर आपण दोनदा, तीनदा बदलतो. पुढचा तसाच राहतो, कारण त्याच्या खाचा शिल्लक असतात. आपल्याकडे उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. त्या उन्हात गाडी दिवसभर कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी असते. रबरातला मऊपणा वर्षावर्षाने जातो. टणक रबर कोरड्या डांबरावर कसेबसे धरते. ओल्या मातीवर धरत नाही.

आणि आता मूळ प्रश्नाचे उत्तर. एकाच गाडीवर दोन कंपन्यांची नावे दिसली, तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की ते दोन टायर दोन वेगवेगळ्या वेळी बसवलेले आहेत. नावाने गाडी पडत नाही. पण नावांतला फरक म्हणजे वयांतला फरक असू शकतो, आणि वयाने गाडी पडते. चहाच्या टपरीने जे पाहिले ते खरे होते. त्यावरून जे ठरवले ते चूक होते.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हे समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. गवळाऊ बैलांचा हा मुलूख. येथला शेतकरी जोडी लावतो तेव्हा एक बैल एका बाजारातला आणि दुसरा दुसऱ्या बाजारातला असला, तर त्याला कोणी नावे ठेवत नाही. मालक कोण होता हे कोणी विचारत नाही. पाहिले जाते ते उंची जुळते का, चाल जुळते का, आणि दात किती. एका बाजूला नवा दमाचा गोऱ्हा आणि दुसऱ्या बाजूला दात पडलेला म्हातारा बैल, असे जू कोणी शहाणा माणूस मांडत नाही. मांडले तर गोऱ्हा ओढत नेतो आणि म्हातारा गुडघ्यावर येतो. त्या तरुणाच्या गाडीचे नेमके हेच झाले. मागचा टायर नवा, चिकटून धरणारा. त्यामुळे आठवडाभर गाडी त्याला छान वाटली. 'आता टायर नवा आहे' या भरवशावर तो थोडा जोरातच होता, असे त्याने स्वतः आम्हांला सांगितले. अर्ध्या नवेपणाने पूर्ण गाडी नवी वाटली, आणि ब्रेक मात्र पुढच्या म्हाताऱ्यावर आला.

आता कोणी जाणकार उठून म्हणेल की, "कंपन्या तर सांगतात की पुढे-मागे एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे टायर टाका. ते काय खोटे?" खोटे नाही. त्यात तथ्य आहे, ते नीट सांगतो. प्रत्येक कंपनीचे रबराचे मिश्रण वेगळे, खाचांची नक्षी वेगळी, आणि टायरच्या पाठीचा बाक वेगळा. एकाची पाठ गोल, दुसऱ्याची थोडी उभट. गाडी वळणावर कलते तेव्हा एक टायर पटकन कलतो, दुसरा सावकाश. चालवणाऱ्याला गाडी अडखळल्यासारखी वाटते. कंपन्या जोडी म्हणून टायर तपासून पाहतात, तेव्हा हे जुळवून घेतलेले असते. ताशी शंभराच्या पुढे जाणाऱ्या मोठ्या गाडीला हा फरक भारी पडू शकतो. तिच्या मालकाने कंपनीचा सल्ला मानावा. परंतु आर्वी रस्त्यावर चाळीस-पन्नासने जाणाऱ्या आपल्या शंभर सीसीच्या गाडीला नावाचा हा फरक जेवढा जाणवेल, त्याहून किती तरी अधिक फरक कमी हवेने आणि जुन्या रबराने पडतो. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने जोडीच टाकावी, त्यात नुकसान नाही. ज्याच्या खिशात एकाच टायरचे पैसे आहेत, त्याने नावाची भीती बाळगू नये. पण दुसऱ्या टायरची जन्मतारीख वाचल्याशिवाय घरी जाऊ नये.

मात्र एक मिसळ खरोखर टाळावयाची आहे. टायर आतल्या थरांच्या रचनेवरून दोन जातींचे असतात. एकात दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर आडवे टाकलेले. आपल्या साध्या गाड्यांना बहुधा हेच असतात. दुसऱ्यात दोरे कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात. त्याला रेडियल म्हणतात, आणि त्याच्या मापात 'आर' हे अक्षर असते. काही गाड्या कारखान्यातूनच पुढे तिरप्या थरांचा आणि मागे रेडियल, अशा येतात. ते गाडी बनवणाऱ्याने ठरवलेले असते. पण आपल्या मनाने पुढे रेडियल आणि मागे तिरप्या थरांचा, असे उलटे कधीही करू नये. दोघांची वाकण्याची रीत वेगळी, त्यामुळे गाडी सरळ राहत नाही. गाडीच्या पुस्तकात जी जात लिहिली आहे ती पाळावी.

गंमत पाहा. आपण नावांवरून भांडतो, आणि ज्यांच्या हातांतून हे टायर निघतात ते हात सगळीकडे सारखेच असतात. सिएट हे नाव इटलीतल्या तुरीन शहरातून आले. १९५८ साली त्या कंपनीने मुंबईला भांडुपमध्ये कारखाना काढला. आणि आज वर्धेहून नागपूरला जाताना लागणाऱ्या बुटीबोरीतही त्यांचा दुचाकीच्या टायरांचा कारखाना आहे. एमआरएफ म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी; १९४६ साली तेथे फुगे बनत होते. त्यांचा एक कारखाना गोव्यात उसगावला आहे. आपल्या देशात पिकणारे रबर बहुतांशी केरळच्या मळ्यांतून येते, तेथे भल्या पहाटे झाडाला चीर देऊन मजूर चीक गोळा करतो. पुढच्या चाकात एका कारखान्यातल्या कामगाराची पाळी आहे आणि मागच्या चाकात दुसऱ्या कारखान्यातल्या कामगाराची. त्यांचे आपसांत भांडण नाही. त्यांना आपण एका गाडीवर नांदवू शकतो.

आता त्या दुकानाच्या बाकावर परत चला. सगळे वाचून झाले. नातेवाईक गप्प झाले. पण आम्ही त्या पंक्चरवाल्या मुलाला एक प्रश्न विचारला. "बाबा रे, तुला जर हे सगळे वाचता येते, तर मागचा टायर बसवताना पुढचा नऊ वर्षांचा आहे हे तू त्याला का सांगितले नाहीस?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सांगतलं असतं तर हा म्हणला असता, दुसराही टायर विकाले पाहते. गिऱ्हाईक तुटते जी."

मग आम्ही जखमी तरुणाकडे गेलो. तो खाटेवर होता. त्याला विचारले, "त्याने सांगितले असते तर तू पुढचा टायर बदलला असतास का?" तो म्हणाला, "नाही भाऊ. दोन महिन्यांची मजुरी अडकली होती. मागचाच उधारीवर घेतला."

बंधूंनो, हा खरा निकाल. एकाने सांगितले नाही, कारण आपल्यावर विश्वास ठेवला जाणार नाही हे त्याला माहीत होते. दुसऱ्याने बदलला नसता, कारण त्याचेच पैसे दुसऱ्याच्या खिशात अडकले होते. तिसरे आम्ही, रोज त्या गाडीवर बसत होतो आणि वाकून पाहत नव्हतो. या तिघांना सोडून सर्वांनी मिळून दोष दिला तो टायरच्या नावाला. नावाला दोष देणे फार सोयीचे असते. त्यात कोणाला खिशात हात घालावा लागत नाही आणि कोणाला मान खाली घालावी लागत नाही. कारखान्यातही आम्ही हे पाहिले आहे. काम बिघडले की 'तो त्या गावचा', 'तो त्या संघटनेचा', 'तो कंत्राटी' असे म्हणून मोकळे होतात. यंत्राला तेल कधी घातले होते हे कोणी विचारत नाही.

पंक्चरवाल्याकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही असे ठरले, आणि नातेवाइकांनी ते मानले, ही त्यांची सज्जनता. खर्चाचा मार्ग आम्ही दुसरीकडे धरला. २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली, आणि घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, त्याचा कामाशी संबंध जुळत असेल तर, कामावरचाच अपघात मानला गेला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व आले आहे. पुष्कळ कामगारांना हे ठाऊक नसते आणि ते घरी बसून सावकाराचे व्याज भरतात. सबब हे लक्षात ठेवा : अपघात रस्त्यावर झाला म्हणून हक्क संपत नाही. कामाची वेळ, रस्ता आणि दवाखान्याचे कागद जपून ठेवा आणि लगेच संघटनेला कळवा. पण हेही लक्षात ठेवा की कायदा पैसे देतो. तो पाय सरळ करून देत नाही.

म्हणून शेवटी तुम्ही घरी जाऊन काय करावे ते सांगतो. फार नाही, दहा मिनिटांचे काम आहे. ओले फडके घ्या आणि दोन्ही टायरांच्या बाजू पुसा. माप गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहा. भाराचा आकडा पाहा; मागचा पुस्तकातल्याहून कमी नको. बाण पाहा. चार आकड्यांची जन्मतारीख वाचा. पाच वर्षे उलटली असतील तर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. दहा वर्षे झाली असतील तर खाचा कितीही सुंदर असोत, टायर काढा, असे पुष्कळ कंपन्याच सांगतात. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी एक लहानसा उंचवटा असतो. दुचाकीच्या टायरवर त्याची उंची ०.८ मिलिमीटर असते. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले. हवा गाडी थंड असताना, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे भरा. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाला लिहिलेली जास्तीची हवा भरा. नवा टायर टाकल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर बेताने चालवा. नव्या रबराची वरची चकाकी जाईपर्यंत ते घसरते. मागचा झिजका टायर काढून पुढे टाकण्याची काटकसर कोणी करू नये. आणि गुळगुळीत टायरला तापल्या हत्याराने खाचा पाडून 'नवा' म्हणून कोणी विकत असेल, तर तो टायर फुकट दिला तरी घेऊ नका. त्या खाचा रबरात नसतात, तुमच्या आयुष्यात असतात.

तरुण मंडळी म्हणतील, आमच्या गाडीला नवी ब्रेक पद्धत आहे. ठीक आहे. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारा ब्रेक आणि त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांना जोडलेला ब्रेक सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जोडलेल्या ब्रेकमध्ये तुम्ही मागचा दाबला तरी पुढचाही लागतो. म्हणजे पुढच्या टायरची जबाबदारी वाढलीच. आणि कोणताही ब्रेक चाकाला थांबवू शकतो. रस्त्याला धरण्याचे काम रबराचेच आहे. रबरात धरण्याची ताकद नसेल तर ब्रेक कोणाच्या भरवशावर थांबवणार?

आम्ही स्वतःपुरते एक केले आहे. मृगाच्या आधीच्या एका रविवारी आमचे चार-पाच कार्यकर्ते त्याच पंक्चरच्या दुकानावर बसतात. कोणीही गाडी आणावी. आम्ही चार आकडे वाचून सांगतो. टायर विकत नाही, म्हणून आमच्यावर विश्वास बसतो. बदलावयाचा असेल तर तो मुलगा बदलून देतो, आणि आता त्याला सांगायला भीती वाटत नाही. आणि संघटनेच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले आहे : पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कंत्राटी कामगाराची थकलेली मजुरी चुकती करावी आणि टायरसाठी बिनव्याजी उचल द्यावी. ते कलम अजून मान्य झालेले नाही. होईपर्यंत आम्ही ते काढणार नाही.

तो तरुण आज पुन्हा कामावर जातो. गाडी तीच आहे. पुढचा टायर त्याने बदलला आहे, आणि तो मागच्याहून वेगळ्याच कंपनीचा आहे! गेल्या आठवड्यात आम्ही त्याच्या मागे बसून वर्ध्याला गेलो. बसण्यापूर्वी आम्ही खाली वाकलो. तो म्हणाला, "काय पाहता भाऊ?" आम्ही म्हटले, "वय पाहतो."

 आता बाहेर अंधार आहे. प्रत्येकाच्या खिशात बॅटरी आहेच. गाडी चालू करण्याआधी ती एकदा पुढच्या चाकावर टाका, एवढीच विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.